वादळाच्या गोष्टीचा आधीचा भाग

बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा तो आठवडा मला पाण्याखालून पाहिल्यासारखा आठवतो. हार्बरफ्रंटच्या शिपिंग ऑफिसातून मी रजा घेतली होती. मायदेशापासून दूर, बिशान उपनगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दुपारी पडदे ओढलेले असत, पंखा संथ फिरे, आणि त्या हिरवट उजेडात बाबा एका डोळ्यावर प्लास्टिकची झाकणी लावून आरामखुर्चीत पडलेले असत. आयुष्य जहाजांवर काढलेला माणूस, त्यातली शेवटची कितीतरी वर्षं कॅप्टन म्हणून. आता वाचायलाही मनाई.

म्हणून माझी लेक त्यांना वाचून दाखवायची. तिला शाळेत निबंध होता, प्राचीन ग्रीक महाकाव्यातल्या एका नायकाचे गुण आणि दोष. युद्ध जिंकून घरी निघालेला आणि वर्षानुवर्षं समुद्रावर भरकटलेला राजा. ती इंग्रजीतून वाचे, बाबा मधेच मराठीत काहीतरी विचारत, आणि मी शेजारी गादीवर अर्धवट झोपेत ऐकत असे. बेटं, वारे, वल्ह्यांचे आवाज. गोष्ट कुठे संपली आणि माझं स्वप्न कुठे सुरू झालं, ते कळत नसे.

एका दुपारी एकाक्ष राक्षस आला. राजा त्याच्यापासून आपलं नाव लपवतो, त्याला आंधळा करतो, उरलेल्या माणसांना गुहेतून सोडवून बोटीवर आणतो. आणि सुटल्यावर, किनारा अजून हाकेच्या अंतरावर असताना, ओरडून स्वतःचं खरं नाव सांगतो. राक्षस सागरदेवाचाच मुलगा. नाव हाती लागल्यावर तो बापाला साकडं घालतो, की याला सुखानं घरी पोचू देऊ नकोस.

"टीचरला दोन कॉलम हवेत," लेक इथल्या शाळकरी मुलांच्या बोलीत म्हणाली. "सुटून आला ते स्ट्रेंग्थ. नाव सांगितलं ते फ्लॉ. ईझी, लाह."

बाबांनी खुर्चीतच मान तिच्याकडे वळवली. मग म्हणाले, "त्याची माणसं? ती पोचली का घरी?"

"नो, आजोबा. शेवटी ओन्ली तोच."

"हं," बाबा म्हणाले, आणि आपल्या वादळाची गोष्ट सांगू लागले.

ती मला पाठ होती. बंगालच्या उपसागरातलं वादळ, दोन दिवस ब्रिजवर, जहाज हाकायच्या जागी, उभे असलेले बाबा, सुखरूप बंदरात आणलेलं जहाज. पण त्या दिवशी त्यांनी आधीचा भाग सांगितला. वादळाचा इशारा आला होता. मागचं एक जहाज वळून गेलं होतं. "मलाही वळता आलं असतं. पण तो वळला, मी नाही वळलो, हे लोकांनी म्हणावं असं वाटलं." त्या वादळात त्यांच्या सारंगाचा, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाचा, पाय साखळीखाली चिरडला. तो पुन्हा जहाजावर चढला नाही.

"तुम्ही भेटलात त्यांना?" मी उठून बसले होते.

"नाही. तोंड नव्हतं."

मी त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांकडे चौकशी केली. तीन दिवसांत नंबर मिळाला. सारंग रत्नागिरीजवळ लेकीकडे राहत होते. दुपारी चहा झाल्यावर मी फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"साहेब!" पलीकडून खणखणीत आवाज आला. "तुम्ही आणलंत म्हणून आम्ही आलो."

बाबांनी फोन जवळ ओढला. "वादळात नेलं तेही मीच, सारंग. वळायला जागा होती."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत राहिला.

"ते मला तेव्हाच ठाऊक होतं, साहेब," ते शांतपणे म्हणाले. "इशारा मीही ऐकला होता. राग होता बरीच वर्षं. पण आणलंत, तेही खरंच ना?"

बाबांच्या झाकणीखालून पाणी ओघळलं. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, पण मी त्यांना अडवलं नाही. लेक दारात पाठीला दप्तर लावून उभी होती, तिची शिकवणीची बस चुकली होती.

मग सारंगांनीच विचारलं, "तिकडे हवा कशी आहे, साहेब?"

बाबांनी पडदा बाजूला करायची खूण केली. उघड्या डोळ्यानं आभाळ पाहिलं आणि दोघं वाऱ्याबद्दल बोलू लागले, कुठून येतोय, किती आहे, संध्याकाळी पडेल की नाही. अर्धा तास ते तेवढंच बोलले.