अंड्याची उडी

ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. एका दुपारी ऊर्जेचा धडा चालला होता आणि निम्मा वर्ग पेंगत होता, म्हणून मी मोबाइलवर बंजी जंपिंगचा व्हिडिओ दाखवला. पायाला रबरी दोर बांधलेला एक माणूस पुलावरून उडी घेतो, खाली नदीच्या पाण्याजवळ जातो आणि परत वर खेचला जातो. सगळे हसले. वैनगंगेकाठच्या गावाहून येणारी एक मुलगी मात्र कपाळाला आठ्या घालून बघत होती.

"मॅडम, दोर किती लांब ठेवाचा हे त्याईले पहिलेच कसं समजते? माणूस टाकून तर पाहता येत नाई."

सूत्र मला येत होतं. खडू उचललाही होता, पण वाटलं, हे यांनीच शोधलं तर?

"तुम्हीच ठरवा कसं शोधायचं," मी म्हटलं.

माणसाच्या जागी काय घ्यायचं यावरच बराच वाद झाला. दगड नको, कारण तो आपटला तरी दगडच राहतो. चूक झाली तर दिसली पाहिजे. शेवटी अंडं ठरलं. अंडं प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला एकात एक अडकवलेल्या रबरबँडची साखळी. आधी टेबलाच्या उंचीवरून छोट्या साखळीने अंड्याला उड्या मारायला लावल्या, भिंतीला पट्टी लावून मोबाइलवर चित्रीकरण केलं. एकेक रबर वाढवलं की अंडं किती खाली जातं, त्याचा आलेख काढला. जवळपास सरळ रेघ आली. तीच पुढे वाढवून दुसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यासाठी साखळी तयार केली.

अंडं फरशीच्या वीतभर वर थांबलं आणि उसळून परत गेलं. मग प्रत्येकालाच ते एकदा सोडून बघायचं होतं. संध्याकाळी कोणीतरी साखळी अंड्यासकट खिळ्याला टांगून घरी गेलं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य बघायला आले. तीच साखळी, तेच अंडं. ते थेट त्यांच्या बुटाजवळ फुटलं. त्यांनी शांतपणे रुमाल काढला, बूट पुसला आणि "चालू द्या" म्हणून निघून गेले.

ती मुलगी साखळी घेऊन खालीच बसली. तेवढ्याच रबरांची नवी साखळी करून तिने शेजारी ठेवली. जुनी चांगली बोटभर लांब भरली.

"काल याच रबरानं वाचवलं, मॅडम. मंग आज काऊन फुटलं?"

रबर ताणून ताणून सैल पडतं हे मला माहीत होतं. पण किती आणि कशाने जास्त, हे मी कधी मोजलं नव्हतं. तसं मी सांगितलं. तिचा चेहरा उजळला.

मग प्रयोगच बदलला. एका साखळीला उड्या मारायला लावल्या, दुसरी नुसती ओझं लावून टांगली, तिसरी खिडकीत उन्हात ठेवली. पहिल्या दोन हळूहळू लांबत गेल्या. उन्हातली लांबली नाही, पण आठवड्याने ओढून पाहिली तर टचकन तुटली.

आता जमिनीपासून किती अंतर सोडायचं?

"हातभर पुरे," एक मुलगा म्हणाला.

"रबर थकल्यावर जेवढं जास्त खाली जाते, त्याच्या दुप्पट सोडू," ती म्हणाली.

"दुप्पट काऊन?"

"आपल्याले अजून काय काय माहीत नाई, त्याच्यासाठी."

मी तो आकडा सूत्रातून काढायला निघाले होते. थांबले.

त्या हिशेबाने अंडं सोडलं तेव्हा ते फरशीपासून बरंच वर लटकलं. "यात मजा नाई," मुलं म्हणाली आणि दप्तरं उचलून निघाली. तिने अंडं वर ओढून घेतलं, पुन्हा सोडलं, पुन्हा ओढलं. हे रबर नेमकं कुठल्या उडीला तुटतं, ते तिला बघायचं होतं. खरं तर मलाही. मी दुसरं अंडं आणायला निघाले.