मांडीवरचा ब्राउनीचा डबा

पुलगावहून नागपूरला निघालेल्या एस.टी.त ती बाई माझ्या शेजारी बसली. चैत्रातलं ऊन, आणि तिच्या मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेला स्टीलचा डबा. खड्डा आला की ती तो पोटाशी धरायची. सारखी बाटलीतलं पाणी फडक्यावर शिंपडायची. निम्मं माझ्या पँटवर.

मी वैतागून विचारलं, "एवढं आहे तरी काय त्यात?"

"ब्राउनी हाय, भाऊ. आत संत्र्याचा गर भरला, वरून चॉकलेटात बुडवली. मोबाइलवर पाहून घरीच केली. नालवाडीले लेक रायते, तिले लय आवडते." मग डब्याकडे पाहत म्हणाली, "झाकण उघडलं तं थंडावा जाते, नाई उघडलं तं माहा जीव जाते."

तिची धास्ती मलाही लागली. डब्यावर ऊन येऊ नये म्हणून मी खिडकीकडे पाठ करून बसलो. नालवाडी जवळ आली तसं म्हटलं, "काकू, फोन करून लेकीला स्टॉपवर बोलवा. डबा लगेच फ्रिजमध्ये जाईल."

शिंपडणारा हात थांबला.

"तिले माहीतच नाई मी येऊन राह्यली ते. तिनं मनानं लग्न केलं, तवापासून घरातलं कोणीच बोललं नाई तिच्याशी."

बस थांबली. वाटभर गाडी हळू चालते म्हणून कुरकुरणारी ती बाई उतरली आणि डबा घेऊन भर उन्हात तशीच उभी राहिली. बस वळेपर्यंत तिचं पाऊल उचललं नव्हतं.