आय ॲम कमिंग

अमेरिकेत ॲन आर्बरला नवीन होते तेव्हा दिवसभर मला घर खायला उठायचं. नवरा सकाळीच लॅबमध्ये पळायचा. बोलायला अख्ख्या गावात एकच माणूस, कोपऱ्यावरच्या बागेतली म्हातारी. बाग तरी कसली, चार बाकं, बंद पडलेलं कारंजं आणि शेवंतीचे दोन वाफे. माझं इंग्रजी मोडकंतोडकं, म्हणून ती बिचारी सावकाश बोलायची.

ऑक्टोबरात एकदा तिने मला ट्यूलिपचे कंद दिले. दुसऱ्या दिवशी गेले, तर माझ्याकडे बघेचना. शेजारी बसले, तर पर्स उचलून पलीकडच्या बाकावर. माझं डोकंच चालेना. कोटाला फोडणीचा वास येत होता का? की कंद परत द्यायचे होते? घरी येऊन कोट तीनदा हुंगला. मग म्हटलं, गेली उडत. आणि स्वयंपाकघरात बसून रडले.

नवऱ्याने उलटतपासणी घेतली, निघताना काय म्हणालीस? रोज मी नुसतं बाय म्हणायचे. पण त्या दिवशी तिने इतक्या मायेने कंद दिले, म्हणून उठताना नीट आपल्या रीतीने म्हणाले होते, "आय ॲम कमिंग." हा हसत सुटला. मला तरीही कळेना.

"अगं, येते म्हणालीस ना? ती वाट बघत बसली असणार."

एवढ्या गारठ्यात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर उभं राहून, हातवारे करत सांगितलं की आमच्यात जाते म्हणत नाहीत, अभद्र वाटतं. येते म्हणायचं आणि जायचं. तिला कितपत कळलं देव जाणे. पण पर्स सरकवून तिने मला जागा दिली.

नोव्हेंबरात तिची मुलगी तिला ॲरिझोनाला न्यायला आली. माझा निरोप घ्यायला दोघी बागेत आल्या. म्हातारीने माझा हात धरला आणि म्हणाली, "आय ॲम कमिंग."

ते तिने माझ्या अर्थाने म्हटलं की तिच्या, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि अजूनही नाही. विचारायचंही सुचलं नाही. वसंतात माझे ट्यूलिप फुलले. तेव्हा मी रोज दुपारी त्या बाकावर जाऊन बसत होते, शेजारी तिच्यापुरती जागा ठेवून.