जावई रुसला नव्हता

धोंड्याचा महिना तीन वर्षांतून एकदा येतो आणि त्या महिन्यात जावयाला साक्षात नारायण करून ठेवतात. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. पारनेर तालुक्यातल्या माहेरी आईनं पुरणाचे धोंडे तळले, वडिलांनी पाट मांडले आणि आम्हा दोघांना लक्ष्मी-नारायण म्हणून शेजारी शेजारी बसवलं. पाय धुवायला वडिलांनी नवऱ्याच्या पायाला हात लावला, तसा त्यानं पाय मागे ओढला. परत लावला, परत ओढला. मग खाली मान घालून रडायलाच लागला.

आता आमच्या माणसांची अक्कल कुठं धावावी? चुलते मला चुलीपाशी घेऊन गेले. "अंगठी पायजे आसंल जावयाला. आधी बोलायचं न्हाई व्हय?" वडील तसेच गाडी काढून सुप्याला सोनाराकडं गेले. मलाही वाटलं, हा रुसलाय. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. संध्याकाळी त्याच्या बोटात अंगठी चढली. तो ती नुसती फिरवत बसला आणि जेवला नाही.

परतताना नेवाशाच्या अलीकडं एका रसवंतीवर त्यानं गाडी थांबवली आणि सगळं सांगितलं. सासरच्या गावात ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान चालवणारा त्याचा मित्र सासू-सासरे रानात गेले की रोज आमच्याकडं चहाला यायचा, मला वहिनी म्हणायचा. तो नुसता मित्र नव्हता. शाळा सुटल्यापासून दोघांचा एकमेकांवर जीव होता. "तुझ्या वडलांनी माझे पाय धुवावे असं मी काय केलंय?" नवरा म्हणाला. "तुला फसवलंय आम्ही."

आम्ही म्हणजे कोण कोण, ते घरी गेल्यावर कळलं. सासूला माहीत, सासऱ्यांना माहीत, नणंदेला माहीत, स्थळ घेऊन आलेल्या मध्यस्थालासुद्धा माहीत. सासू भाकरी थापता थापता म्हणाली, "आमाला वाटलं, बायको आली की इसरंल त्याला."

माझं टाळकंच फिरलं. याच बाईनं मला मूल होत नाही म्हणून नगरला डॉक्टरणीकडं नेलं होतं, कमरेला कसकसले दोरे बांधले होते. जावेच्या डोहाळजेवणात मी ओटी भरायला पुढं झाले, तर चारचौघींत मला मागं सारलं. वांझ म्हणाली नाही एवढंच. आणि खरं कारण तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पोराला औषध म्हणून दुसऱ्याची लेक आणायची, आणि गुण आला नाही की औषधालाच बोल लावायचा. आग लागो असल्या शहाणपणाला.

नवऱ्यावरही राग होता, आजही आहे. मांडवात उभं राहण्याआधी त्यानं मला सांगायला हवं होतं. पण घरात त्यानं सांगितलं होतं, हे मला मागाहून समजलं. तेव्हा सासूनं फवारणीच्या औषधाची बाटली तोंडाला लावायची धमकी दिली होती आणि भावकीनं त्या मित्राच्या दुकानाची मोडतोड केली होती.

आम्ही दोघांनी राजीखुशीनं घटस्फोट घेतला. आम्ही एक दिवससुद्धा नवरा-बायको नव्हतो, तरी आमचं लग्न एवढं पक्कं की ते मोडायला कोर्ट लागलं. आणि त्या दोघांत एकाला ताप आला तर दुसऱ्याच्या घशाखाली घास उतरत नाही, पण त्यांचं लग्न कायद्यात बसत नाही. वरच्या कोर्टानंसुद्धा तेच सांगितलं. बायका मला म्हणतात, दोन बाप्यांच्या लग्नाचं तुला गं काय पडलंय? मला नाही पडणार तर कुणाला पडणार? त्यांना एकमेकांशी लग्न करून उजळ माथ्यानं गावात राहता आलं असतं, तर माझ्या आयुष्याचं असं मातेरं झालं नसतं. हे मी ज्याला त्याला सांगते. लोक मान हलवतात आणि विषय बदलतात.

गेल्या महिन्यात मला एक फोन आला. शेवगावकडचे एक गृहस्थ होते. सासूनं लेकासाठी परत मुलगी शोधायला घेतली होती आणि हे त्या मुलीचे वडील. बिजवराला पोरगी द्यायची, म्हणून पहिल्या बायकोकडं चौकशी करत होते. थोड्या वेळानं बोलते म्हणून मी आधी नवऱ्याला, म्हणजे आधीच्या नवऱ्याला, फोन लावला. त्याचा आवाज पार बसलेला. "मी नाही म्हणून म्हणून दमलो," तो म्हणाला. "आईनं जेवण सोडलंय. तू सांग त्यांना खरं काय ते."

मग मी त्या वडिलांना सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. त्याचा जीव कुणावर आहे, तुमच्या मुलीच्या वाट्याला काय येणार आहे, माझ्या वाट्याला काय आलं, सगळं. मला वाटलं, चला, एक पोरगी वाचली.

मग त्यांनी विचारलं, "पितो का?"

"नाही."

"हात उचलतो का?"

"कधीच नाही."

"मंग एवढं काय न्हाई. जमीन बागायती हाय. बाकीचं पोरगी घेईल सांभाळून."

मी म्हटलं, "दादा, मुलीकडं फोन द्या."

"तिला काय इचारायचं त्यात," ते म्हणाले आणि फोन ठेवून दिला.