दिवाळसणाची रॅकेट

माझ्या सासऱ्यांच्या डोक्यावरची टोपी मी आयुष्यात एकदाच उडवली, आणि तीही बॅकहँडने.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. अकोले तालुक्यातल्या एका धरणावर मी ओव्हरसियर होतो. वसाहत म्हणजे दहा-बारा कौलारू क्वार्टर्स, टेकाडावर साहेबांचं विश्रामगृह आणि त्याच्यामागे फक्कीने आखलेलं बॅडमिंटनचं कोर्ट. बाकी जिकडे बघावं तिकडे पाणी, डोंगर आणि भाताची खाचरं. पहाटे पाण्यावरून धुकं उठायचं, हळूहळू चढ चढून यायचं आणि आमच्या पायरीवर पाहुण्यासारखं बसून राहायचं. अशा ठिकाणी माणूस कामं कमी करतो आणि स्वप्नं जास्त बघतो. मी तर सरकार त्याचाच पगार देत असल्यासारखा बघायचो.

त्याच वर्षी माझं लग्न झालं. मुलगी बघायला नगरला गेलो होतो. मुलीचे वडील, अण्णा, निवृत्त हेडमास्तर. पांढरंशुभ्र धोतर, त्याहून पांढरी खादीची टोपी, आणि समोरच्याला न बोलता उभं करणारी नजर. बोलता बोलता ते म्हणाले की शाळेच्या मैदानावर तीस वर्षं आपण रोज बॅडमिंटन खेळलो. हे सांगताना ती नजर एकदम मऊ झाली. आतून कुमुद पोह्यांचा ट्रे घेऊन येत होती. तिच्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मीही खेळतो. जिल्ह्यात खेळलोय."

(हे शब्दशः खरं होतं. अकोले तालुका नगर जिल्ह्यातच येतो.)

अण्णांनी पुढे नोकरीचं विचारलं नाही, शेतीचं विचारलं नाही. लग्न ठरलं. मी ते वाक्य विसरून गेलो. अण्णा विसरले नव्हते.

पहिला दिवाळसण आला. आमच्या खात्यातल्या इतर जावयांना अंगठ्या मिळाल्या, एकाला मनगटी घड्याळ मिळालं. मला लांबट खोकं मिळालं. आत रॅकेट होती. आमच्या कोर्टावर ज्या दोन रॅकेटी होत्या त्या मुसळाच्या सख्ख्या बहिणी. पावसाळ्यात वाकू नयेत म्हणून त्यांना लाकडी चौकटीत घालून चार पेच आवळून ठेवावं लागे. ही तशी नव्हती. बारीक पोलादी दांडा, लहानसं डोकं, तातीची घट्ट वीण. उचलली तर हातात काही आहे असं वाटेना. अण्णांनी स्वतः पुण्याला जाऊन आणली होती. ते म्हणाले, "चपळ खेळणाऱ्यासाठी आहे ही. दांडगाई चालणार नाही. कार्तिकात तिकडे येतो, दोन डाव खेळू."

परतीच्या एसटीत ती रॅकेट मी मांडीवर घेऊन बसलो. कुमुदला खिडकीजवळ बसवायचं सोडून रॅकेटला खिडकीजवळ बसवलं, हे ती अजून ऐकवते. डोळे मिटले की मला दिसायचं की मी पांढऱ्या कपड्यांत कोर्टावर तरंगतोय, अण्णा मान डोलवतायत आणि कुमुद पदराआडून हसतेय.

प्रत्यक्षात मला खेळता येत नव्हतं असं नाही. मुसळाने येत होतं. फूल (शटलला आम्ही सगळे फूलच म्हणायचो) वर दिसलं की खांद्यापासून हात फिरवायला सुरुवात करायची. रॅकेट वर पोहोचेपर्यंत फूलही खाली आलेलं असायचं. दोघांची भेट व्हायची. नव्या रॅकेटने हा सगळा हिशेब मोडला. मी हात फिरवायचो, रॅकेट सुर्रकन जाऊन परत यायची, आणि मग निवांतपणे फूल माझ्या डोक्यावर पडायचं.

शेवटी मी रशीदचाचांना शरण गेलो. ते विश्रामगृहाचे खानसामा, वय पन्नाशीच्या पुढचं. किती साहेब आले, गेले. प्रत्येकाला जोडीदार लागायचा, त्यामुळे चाचा वसाहतीत सगळ्यांत चांगले खेळायचे आणि प्रत्येक साहेबाशी मोजून हरायचे. त्यांनी रॅकेट हातात घेतली, मधल्या बोटावर तोलली, डोळे बारीक केले.

"साहेब, ही चिमणी हाय," ते म्हणाले. "लई दाबली तर मरती, ढिली सोडली तर उडती."

दिवाळीनंतरचे पंधरा दिवस रोज सकाळी चाचांनी मला शिकवलं. खांदा विसरायचा, कोपर विसरायचं, फक्त मनगट. जाळीजवळ ती रॅकेट म्हणजे जादू होती. फूल आलं की नुसता विचार करायचा, ते पलीकडे पडलेलं असायचं. मागच्या रेषेवर मात्र तिच्यात जोर नव्हता. कितीही ताकद लावा, फूल अर्ध्या कोर्टात जाऊन खाली बसायचं. आणि मधोमध लागलं नाही तर ती असा आवाज करायची की जणू आपण तिचा अपमान केलाय. चाचांनी मला बजावून सांगितलं की अण्णांबरोबर खेळताना पुढे तुम्ही राहा, मागे त्यांना ठेवा. मी होकार दिला.

कुमुद या सगळ्या काळात चुलीपाशी असायची. मी घामाने निथळत आलो की चहा द्यायची आणि कसं झालं विचारायची. मी म्हणायचो, "जुना हात आहे, बसतोय हळूहळू." ती मान खाली घालून चहा गाळायची.

कार्तिकात अण्णा आले. एसटीतून उतरले ते कॅनव्हासचे बूट घालून आणि स्वतःची रॅकेट काखेत मारूनच. दुसऱ्या दिवशी सकाळी सामना ठरला. एका बाजूला मी आणि अण्णा, दुसऱ्या बाजूला आमचे साहेब आणि रशीदचाचा. कुमुद शाल पांघरून कट्ट्यावर बसली. सगळी वसाहत जमली होती. तिथे दुसरी करमणूकच काय होती!

सुरुवातीलाच घोटाळा झाला. अण्णा सरळ जाळीपाशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "म्हाताऱ्याला पळवू नका. मागचं सगळं तरण्या माणसाने बघायचं." सासऱ्यांना बाजूला हो म्हणायची पद्धत आमच्याकडे नाही. मी मागे गेलो.

तरी सुरुवातीचे पाच-सहा गुण लाजिरवाणे गेले नाहीत. माझ्याकडे येणारं फूल चाचा मुद्दाम सोपं देत होते. अण्णा पुढे एका जागी उभे राहून मनगटाने असे टोले देत की साहेबांना वाकायलासुद्धा वेळ मिळत नव्हता. मला वाटलं, निभतंय.

मग धुकं आलं. पाण्यावरून सरकत आलं, आधी साहेब गेले, मग चाचा गेले, मग जाळी गेली. कट्ट्यावरची माणसं पुसट झाली. आवाजसुद्धा कापसात गुंडाळल्यासारखे येऊ लागले. खरं तर थांबायला हवं होतं. पण कुणीच थांबा म्हणालं नाही. त्या पांढऱ्या शांततेत मला आपण कुठे आहोत तेच कळेना. पायाखाली जमीन होती की ढग, कोण जाणे. मी पुन्हा तरंगत होतो, अगदी एसटीतल्यासारखा.

आणि त्या पांढऱ्यात मला आणखी पांढरं काहीतरी दिसलं. माझ्यासमोर, डोक्याच्या उंचीवर, अगदी सावकाश डोलत होतं. इतकं सोपं फूल मला जन्मात कुणी दिलं नव्हतं. खांदा विसरलो, कोपर विसरलो. दोन पावलं पुढे झेप घेतली आणि चाचांनी शिकवल्याप्रमाणे नुसतं मनगट फिरवलं.

रॅकेट इतकी सुंदर कधीच चालली नव्हती. ते पांढरं अलगद उचललं गेलं, जाळीवरून पलीकडे गेलं आणि धुक्यात नाहीसं झालं. पलीकडून 'थप्प' असा आवाज आला आणि ते परत आलं! साहेबांनी सवयीने मारलं होतं. मीही मारलं. साहेबांनी पुन्हा मारलं. एवढा लांब डाव त्या कोर्टावर त्याआधी झाला नव्हता.

मग धुक्यातून रशीदचाचांचा शांत आवाज आला. "साहेब, फूल तर माझ्या हातात हाय. सर्व्हिस करायचीय अजून. तुमी काय खेळताय?"

ते पांढरं माझ्या पायाशी येऊन पडलं. खादीची टोपी होती. वर बघितलं तर समोर अण्णांचं टक्कल होतं आणि त्यावर अण्णांचा हात.

त्या क्षणी धुक्याने मलाही पुसून टाकलं असतं तर मी त्याचा जन्मभर ऋणी राहिलो असतो. पण धुक्याला वेळेचं भान नाही. ते नेमकं विरळ व्हायला लागलं. साहेब जाळीपाशी येऊन टोपीकडे बघत राहिले. मी टोपी उचलली, झटकली आणि लागलं का, असं कसंबसं विचारलं.

"वारा लागला फक्त," अण्णा म्हणाले. त्यांनी टोपी घातली नाही, हातात धरून ठेवली. "जावईबापू, जिल्ह्यात म्हणजे नेमकं कुठे खेळलात?"

पुढे खोटं बोलायला माझ्यात ताकद उरली नव्हती. "इथेच," मी म्हणालो. "याच कोर्टावर."

अण्णांनी हातातली टोपी उलटसुलट करून बघितली. मला समोर नगरची एसटी दिसत होती आणि तिच्यात खिडकीजवळ बसलेली कुमुद.

"म्हणजे मुलगी देताना तुम्ही मला टोपी घातलीत," ते म्हणाले, "आणि आज उडवलीत."

आधी चाचा हसले. मग साहेब. मग कट्ट्यावरून एक हसू आलं, ते कुमुदचं होतं, आणि ते थांबेचना. अण्णांचे खांदे हलायला लागले तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. त्यांनी माझ्या हातातली रॅकेट घेतली, तिची वीण बोटाने वाजवून बघितली आणि कट्ट्याकडे वळून कुमुदला बोलावलं.

कुमुदने शाल काढून ठेवली, पदर खोचला, चपला काढल्या आणि अनवाणी कोर्टात आली. पुढची पंधरा मिनिटं मी जे बघितलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. विरळ धुक्यातून कोवळं ऊन उतरत होतं, आणि त्यात ती पुढे, मागे, बाजूला अशी सरकत होती की पाऊल कधी उचललं तेच दिसू नये. रॅकेट तिच्या हातात आहे असं वाटतच नव्हतं. तिचं बोटच लांब झालंय असं वाटत होतं. ज्या रॅकेटला मागून जोर नाही असं मी म्हणत होतो, तिनेच कुमुद मागच्या रेषेवरून चाचांना पळवत होती. आणि चाचा, नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच, न मोजता हरत होते.

घरी आल्यावर मी तिला विचारलं की तू हे कधी सांगितलं का नाहीस. अण्णांनी तिला सातव्या वर्षापासून शिकवलं होतं.

"बघायला आलात तेव्हा स्वयंपाक, शिवण, पेटी एवढंच विचारलंत," ती म्हणाली. "आणि तुम्ही तर जिल्ह्यात खेळलेले. तुमच्यापुढे मी काय बोलायचं?"

पुढे बदली होईपर्यंत ती रोज सकाळी त्या कोर्टावर खेळली. मीही रोज जायचो. फुलं घाणेरीच्या झुडपांत जाऊन पडायची, ती काट्यांतून काढायला कुणीतरी लागायचंच. आजही घरी कुणी पाहुणा आला आणि यांनाही खेळाची आवड आहे का म्हणून विचारू लागला, की कुमुद माझ्या आधी उत्तर देते.

"आहे की," ती म्हणते. "झुडपातलं फूल शोधण्यात अख्ख्या जिल्ह्यात यांचा हात कुणी धरणार नाही."