घरमालकाची सही

“या बायकांना फुकटाची चटक लागलीय. टॅक्स आपण भरायचा आणि दर महिन्याला पैसे यांच्या खात्यात.”

साहेब हे आमच्या सरांना सांगत होते. मी दोन फुटांवर बसून त्यांचीच फाइल लावत होते. मग मी कोणाची मुलगी आहे ते त्यांना आठवलं असावं. वळून म्हणाले, “तुला नाही हं म्हणत. तू तर घरातलीच.”

सर हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

आमचं ऑफिस बोळिंजला, एका कॉम्प्लेक्सच्या खाली. सर लोकांचे टॅक्स रिटर्न भरतात. साहेब त्यांचे जुने क्लायंट. त्यांच्या घरी माझी आई सहा वर्षं झाडूपोछा आणि भांडी करते. बी.कॉम. झाल्यावर मला ही नोकरी साहेबांच्या शब्दावर लागली. म्हणून मी घरातली.

मी इंग्लिश मीडियमची. गल्लीतल्या, पत्र्याच्या छपराच्या शाळेतली, पण इंग्लिश मीडियमची. वर्गात मराठी बोललं की दंड. घरी इंग्रजी शब्द निघाला की शेजारच्या बायका म्हणायच्या, आल्या बघा मॅडम. मी दोन्हीकडे कमी बोलायला शिकले. ऐकायला मात्र चांगलं शिकले.

त्या जानेवारीत ऐकण्यासारखं बरंच होतं. सरकारनं मध्यमवर्गाचा टॅक्स कमी केला होता. क्लायंट यायचे, सर स्क्रीनवर आकडा दाखवायचे, ते खूश होऊन म्हणायचे, चला, आमचाही कोणीतरी विचार केला. याला कोणी फुकट म्हणत नव्हतं. पण ही सवलत नव्या पद्धतीनं टॅक्स भरणाऱ्यांना होती, आणि साहेब वजावटींसाठी जुन्याच पद्धतीत राहिले होते. त्यांना काही मिळालं नव्हतं. तो राग ते आमच्या बायकांवर काढत होते.

आईचा एक फॉर्म मी दिवाळीआधीच भरून ठेवला होता. घरकामगार म्हणून नोंदणीचा. नोंदणी झाली की कामगारांच्या सरकारी योजना लागू होतात. फॉर्मवर एकच जागा रिकामी होती. ही बाई आमच्याकडे काम करते, असं घरमालकांनी लिहून द्यायचं आणि सही करायची. आईनं तो कागद साहेबांच्या मिसेसना दिला. त्या म्हणाल्या, बघते. मग म्हणाल्या, साहेबांना विचारते. मग म्हणाल्या, साहेब नको म्हणतात, उद्या तुम्ही लोक पीएफ मागाल. आईची बाकीची दोन घरं त्याच बिल्डिंगमधली. त्यांनी सांगितलं, सहाव्या मजल्यावरच्या साहेबांनी सही केली तर आम्ही करू.

मी आईला विचारलं, मी बोलू का? आई समुद्रकाठच्या कळंबची. लग्नाआधी टोपली घेऊन दारोदार मासळी विकलेली, भाव करताना कोणाला न ऐकणारी. ती म्हणाली, “नको गं पोरी. कामच गेलं तर तो कागद कोनाला दाखवू?”

मी फॉर्म कपाटात ठेवून दिला.

त्या दिवशी साहेबांची फाइल लावून झाली तशा सरांनी माझ्यापुढे पावत्या सरकवल्या. घरभाड्याच्या, बारा. प्रत्येकीवर रेव्हेन्यूचं तिकीट चिकटवलेलं. जानेवारीत कंपन्या भाड्याचा पुरावा मागतात, भाडं दाखवलं की टॅक्स वाचतो. साहेब स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतात. तिथली फरशी आई पुसते. पावतीवर घरमालक म्हणून त्यांच्या कुठल्याशा नातेवाइकाचं नाव. सही करायला तो येत नाही. ऑफिसातलं कोणीतरी करतं.

मागच्या वर्षी मी केली होती. हे लिहायलाच हवं. सरांनी शिकवलं होतं, एप्रिलच्या पावतीला निळं पेन, मेच्या पावतीला काळं, म्हणजे एका बैठकीत केल्यासारखं दिसत नाही. मी मन लावून केल्या. विश्वासाचं काम आपल्याला दिलं म्हणून खूश होते.

साहेब घड्याळ बघत म्हणाले, “मागची सही बघून कर. छान जमते तुला.”

मी पेन उघडलं. नाव वाचलं. या माणसाचं ते घर नाही, हे त्या टेबलावर आम्हा तिघांनाही माहीत होतं. तरी सही दहा मिनिटांत होणार होती. आई सहा वर्षं तिथे राबते, हेही साहेबांना माहीत होतं. ते लिहून द्यायला त्यांना भीती वाटत होती. माझ्या हातून खोटं लिहून घेताना वाटत नव्हती. त्यांनी मला नीट ओळखलं होतं.

नोकरी डोळ्यांपुढे आली, आईची तिन्ही घरं आली. मी पेनाला टोपण लावलं आणि पावत्या परत सरकवल्या. म्हटलं, ही सही मी करणार नाही.

सर म्हणाले, अगं, असं काय करतेस. साहेबांनी आवाज चढवला नाही. त्यांनी फक्त विचारलं, “आईला विचारलंस का?”

मी उभी राहिले.

“नाही विचारलं. घरी जाऊन सांगेन. तुमच्या गेटवर कामवाल्या बायकांची येण्याजाण्याची वेळ रोज लिहितात, साहेब. सोसायटीला लेखी अर्ज करून मी त्या वहीची नक्कल मागणार आहे, आणि आईच्या फॉर्मला लावून कामगार ऑफिसात देणार आहे. तिला कामावरून काढलंत, तर कुठल्या दिवशी काढलंत, तेही त्याच वहीत दिसेल.”