लुपेताईंनी माझं नाव पुकारलं तेव्हा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय, ते मलाही नीटसं कळत नाही.

लुपेताई म्हणजे ॲरिझोनातल्या आमच्या शहराच्या पहिल्या हिस्पॅनिक महापौर. आधी शाळांचं बोर्ड, मग सिटी कौन्सिल, मग ही खुर्ची. त्यांना ‘ताई’ आम्हीच केलं. मराठी मंडळाच्या गणपतीत त्या ढोल वाजवायला यायच्या, ताल चुकला की स्वतःच खदखदून हसायच्या. त्यांच्या कमरेला ढोल मी बांधून द्यायचे. फार जीव होता माझा त्यांच्यावर. अजून आहे — पण हे कुठल्या तोंडाने म्हणू?

एका वर्षी पार्कशेजारच्या लोकांनी ढोलांविरुद्ध तक्रार केली आणि सिटी हॉलमध्ये सुनावणी लागली. निवडणूक तोंडावर होती, तरी लुपेताई उघडपणे आमच्या बाजूने उभ्या राहिल्या. त्यांचं मागणं एवढंच — तुमच्यापैकी एकाने तरी येऊन बोला. बाकीच्यांना ऑफिस होतं. मी म्हटलं, मी बोलते.

हॉल भरलेला. पुढच्या रांगेत माझी शेजारीण, लेकीचा सॉकर कोच — सगळे विरोधातले. लुपेताईंनी माझं नाव पुकारलं. मी फोनमध्ये डोकं घालून बसले. पुन्हा पुकारलं. मग त्यांनी थेट माझ्याकडे पाहिलं — आणि माइकवर शांतपणे म्हणाल्या, “मुलांसाठी घरी जावं लागलं असेल त्यांना.”

माझी लाज राखायला त्या खोटं बोलल्या. भर सभेत.

एवढंच असतं, तर मी भित्री निघाले म्हणून सोडून दिलं असतं. पण कौन्सिलने ढोलांची परवानगी नाकारली, आणि मंडळात सगळे विचारायला लागले, “अगं, झालं काय मीटिंगमध्ये?” मी म्हणाले, “मला बोलूच दिलं नाही.”

कुणी, हे कुणी विचारलंच नाही. मीटिंग तर लुपेताईच चालवत होत्या ना?

“इलेक्शनपुरती ताई होती यार!” एक काका म्हणाले. मी चहा ओतत राहिले. त्या वर्षी आमच्यातलं कुणी त्यांच्या प्रचाराला गेलं नाही. मीसुद्धा नाही. लुपेताई थोडक्यात हरल्या.

परवा ग्रोसरीत भेटल्या. मला घट्ट मिठी मारली आणि विचारलं, “मुलं कशी आहेत?”

छान आहेत, म्हटलं.

मंडळात अजून त्यांचा विषय निघतो. कुणीतरी म्हणतंच, तिने आपल्याला बोलू दिलं नाही. तेव्हा मी तिथेच असते. चहा ओतत.